कासवाची पिल्लं दरवर्षी अंड्यातच मरतात? आधी ते अंडं फोडून बघा

समस्या बहुतेक घरांत सारखीच असते. मादीने उन्हाळ्यात अंडी घातली, तुम्ही ती अलगद काढून इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या मशीनमध्ये) ठेवली, स्क्रीनवर 31.5 अंशांचा आकडा दिसतोय, टॉर्च लावल्यावर लाल शिराही दिसल्या. आणि तरी अडीच महिने झाले तरी एकही पिल्लू बाहेर येत नाही, किंवा सहातलं एखादंच येतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग कोणी मशीन बदलतं, कोणी व्हर्मिक्युलाइट (अंडी ज्यात ठेवतात ते पाणी धरणारं हलकं खनिज) बदलतं, कोणाच्या सांगण्यावरून पाणी वाढवलं जातं आणि दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून कमी केलं जातं. मादी वर्षाला दोन-तीन खेपाच अंडी घालते, त्यामुळे अंदाजपंचे बदल करत बसलं तर खरं कारण सापडायला चार-पाच वर्षं सहज जातात.

न उबलेल्या अंड्यांचं बहुतेक घरी काय होतं? नाक दाबून ती कचऱ्यात जातात, आणि त्यांच्याबरोबर उत्तरही जातं. पोल्ट्रीवाले असं करत नाहीत. ते न उबलेली अंडी फोडून पाहतात, कारण गर्भ कुठल्या टप्प्यावर मेला हे कळलं की निम्मी कारणं तिथेच बाद होतात. कासवाच्या बाबतीतही माझं सांगणं एवढंच आहे: मशीनला हात लावण्याआधी अंडं फोडा.

खालचे आकडे हर्मनच्या कासवाचे आहेत. हे दक्षिण युरोपातलं, भूमध्य समुद्राभोवतीचं कासव. इथे इंग्लंडमध्ये घरोघरी दिसणाऱ्या कासवांपैकी एक. हॉर्सफिल्ड (काही जण त्याला रशियन कासव म्हणतात) पाळणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल. लाल पायांचं किंवा सल्काटा जातीचं कासव असेल तर कारणं तीच, पण दिवस आणि ओलावा यांचे आकडे वेगळे.

भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगतो. 'शुभ असतं' म्हणून घराघरांत ठेवलेलं स्टार कासव पाळणं बेकायदा आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीसुद्धा 'प्राणी' या व्याख्येतच धरली जातात. त्यामुळे ती अंडी कशी उबवायची याचं उत्तर इथे मिळणार नाही. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

कधी फोडायचं, कसं फोडायचं

31 ते 32 अंशांवर हर्मनची पिल्लं साधारण 55 ते 75 दिवसांत बाहेर येतात. तापमान 29-30 असेल तर आणखी दिवस लागतात. एकाच खेपेतल्या दोन पिल्लांमध्ये आठवड्याचं अंतर पडू शकतं. त्यामुळे शंभर दिवस पूर्ण होईपर्यंत अंडं फोडायचं नाही. अपवाद एकच: अंड्याला घाण वास सुटला असेल, ते खचलं असेल किंवा त्यातून पाणी झिरपत असेल, तर ते लगेच बाहेर काढा. लेपर्ड कासववाल्यांनी हा शंभर दिवसांचा हिशोबच विसरावा. त्या जातीत गर्भ सुरुवातीला कित्येक आठवडे वाढ थांबवून बसू शकतो आणि मधे थोडी थंडी मिळाल्यावर पुन्हा वाढायला लागतो. 'मेलं' म्हणून टाकून दिलेली त्यांची किती अंडी जिवंत असतील कोण जाणे.

फोडायचं काम घराबाहेर करा. हातमोजे, जुनी ताटली आणि छोटी कात्री एवढं पुरतं. जी बाजू इन्क्युबेटरमध्ये वर होती तिथून टरफल थोडं थोडं कापत जा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण वासामुळे तुम्ही घाई करणार आणि नंतर काय पाहिलं ते आठवणार नाही.

आत नुसता बलक आहे

गर्भाचा मागमूस नाही, म्हणजे बहुधा अंडं वांझोटं होतं. पण फार लवकर मेलेला गर्भही दोन-अडीच महिन्यांनी कुजून असाच दिसतो, म्हणून सुरुवातीची नोंद लागते. फलित अंड्याच्या वरच्या भागावर पहिल्या आठवड्याभरात दुधी पांढरा डाग उमटतो आणि हळूहळू पसरत जातो. वांझोटं अंडं शेवटपर्यंत सगळीकडून पिवळसर, काहीसं पारदर्शक राहतं. हा डाग कधीच दिसला नसेल तर इन्क्युबेटरला दोष देऊ नका. नर फार लहान असेल, जोडी वेगवेगळ्या जातींची असेल, नाहीतर वसंत इतका गार गेला असेल की नराला हालचालच सुचली नसेल. नर नसलेल्या मादीनेही फलित अंडी घातली तर चकित होऊ नका. आधीच्या मीलनाचे शुक्राणू ती काही वर्षं साठवून ठेवू शकते, फक्त तो साठा कायमचा नसतो.

रक्ताचं कडं, किंवा वाटाण्याएवढा गर्भ

इथून खरा तपास सुरू होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मेलेला गर्भ म्हणजे अंडी काढताना किंवा मशीन चालू करताना काहीतरी बिघडलं.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे अंडं फिरवणं. कोंबडीचं अंडं दिवसातून अनेकदा फिरवावं लागतं. कासवाचं अंडं फिरवायचं नसतं. घातल्यानंतर एखाद-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं की तो मरू शकतो. म्हणून माती हाताने किंवा ब्रशने बाजूला करायची, अंडं दिसलं की जागेवर असतानाच वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची आणि मगच चमच्याने उचलायचं. शाईचं पेन वापरू नका. पाण्याने धुऊही नका.

आता एक गोष्ट, जी कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच इन्क्युबेटर मुळात कोंबडीसाठी बनवलेली असतात. त्यांत अंडी आपोआप फिरवणारा ट्रे असतो, पंखा असतो, आणि तापमान कारखान्यातून 37.5 च्या आसपास लावून आलेलं असतं. यातल्या तिन्ही गोष्टी कासवाच्या मुळावर येणाऱ्या. ट्रे काढून टाका, तापमान बदला, आणि पंख्याचा वारा थेट अंड्यांवर येत असेल तर मध्ये आडोसा करा. वीज जाऊन आल्यावर मशीन पुन्हा 37.5 वर जातं का, हेही अंडी ठेवायच्या आधी प्लग काढून एकदा तपासा. काही मशीन जातात.

मशीन चालू करायची घाई हे दुसरं कारण. मादी मागच्या पायांनी खड्डा उकरताना दिसली की धावपळ सुरू होते, कपाटातलं मशीन काढलं जातं आणि तासाभरात अंडी आत जातात. त्या वेळी तापमान 28 आणि 36 च्या मध्ये झोके घेत असतं. ताज्या अंड्यांना खोलीतल्या 20-22 अंशांवर एक-दोन दिवस राहिल्याने काही होत नाही. मशीन पूर्ण दिवसभर एका आकड्यावर टिकलं की मगच अंडी आत ठेवा.

कोकणात वेळासला, मंडणगड तालुक्यात, ज्यांनी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची हॅचरी पाहिली असेल त्यांना अंडी हलवतानाची ही काळजी ओळखीची वाटेल. तिथे किनाऱ्यावरची अंडी हॅचरीत न्यायची तर ती घातल्यावर लवकरात लवकर न्यावी लागतात, कारण हेच. पण तिथली ओल्या वाळूची पद्धत मात्र घरी उचलू नका. समुद्री कासवाचं अंडं मऊ, चामड्यासारखं असतं आणि वाळूतलं पाणी शोषून घेतं. हर्मनचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक असतं. दोघांचा ओलाव्याचा हिशोबच वेगळा.

अर्धवट वाढलेला गर्भ

डोळे काळे दिसतात, पाठीवरच्या ढालींचे (कवचावरच्या तुकड्यांचे) आकार उमटू लागलेत, पण अंग अजून फिकट आहे. हा गर्भ मधल्या काळात गेला आणि इथे पहिला संशय उष्णतेवर घ्या. थंडीवर नाही. चार-पाच तास वीज गेली आणि अंडी 22 अंशांवर आली तर वाढ मंदावते, बाकी सहसा काही होत नाही. तेच तापमान 35 च्या वर काही तास राहिलं तर सगळी खेप जाऊ शकते. त्यातूनही जी पिल्लं जगतात त्यांच्या पाठीवर एखादी ढाल जास्त किंवा दुभंगलेली असू शकते. तशी पिल्लं तुमच्याकडे होत असतील तर उष्णतेवरचा संशय आणखी बळावतो.

'पण स्क्रीनवर 31.5 दिसतंय' हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता पहिला प्रश्न हाच विचारतो: प्रोब (तापमान मोजणारी वायर) कुठे आहे? तो मशीनच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तो भिंतीचं तापमान सांगतो. प्रोबचं टोक अंड्यांच्या उंचीवर, अंड्यांच्या शेजारी हवं. आणि प्रोब स्वतः खरं बोलतोय का, हे घरीच तपासता येतं. थर्मासमध्ये 37 अंशांच्या आसपास कोमट पाणी घ्या, त्यात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब दोन्ही शेजारी शेजारी बुडवा, आणि पाच मिनिटांनी दोघांचे आकडे पाहा. प्रोब वॉटरप्रूफ नसेल तर आधी प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळा. तापाचं थर्मामीटर या पट्ट्यात चांगलं अचूक असतं. प्रोब 1.5 अंश कमी दाखवत असेल तर तुमची अंडी आजवर 33 वर होती.

थर्मोस्टॅटचा प्रकारही पाहा. साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट दोन्ही बाजूंना अंश-दीड अंश झोका देतो. गरजेपुरती वीज थोडी थोडी सोडणारा पल्स प्रोपोर्शनल प्रकार महाग आहे, पण पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत, चकचकीत मशीनवर नाही. ज्यांना बजेट नाही त्यांनी जुनी जुगत करावी: थर्माकोलचा खोका, तळाशी पाणी, पाण्यात मत्स्यपेटीचा हीटर, पाण्यातून वर येणारी वीट आणि विटेवर अंड्यांचा डबा. पाण्याचं वस्तुमान तापमानाला हलू देत नाही. दोन धोके सांभाळा. पाणी आटून हीटर उघडा पडू देऊ नका, आणि झाकण तिरकं ठेवा म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता बाजूने ओघळतील. या खोक्यात दमटपणा हर्मनला सोसेल त्यापेक्षा जास्त होतो, त्याबद्दल खाली.

आणखी एक गोष्ट लक्षातच येत नाही: इन्क्युबेटर गरम करू शकतो, गार करू शकत नाही. 19 जुलै 2022 ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला 40.3 अंशांची नोंद झाली. अशा दिवशी इथल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या भट्ट्या होतात, आणि खोलीच 34 वर गेली की थर्मोस्टॅट हात बांधून बसतो. जुलैमध्ये मशीनची जागा तळमजल्यावर, खिडकीपासून लांब, शक्य असेल तर जिन्याखालच्या कपाटात.

याच मधल्या काळात पिल्लू नर होणार की मादी हे तापमानावर ठरतं. हर्मनमध्ये 31.5 च्या आसपास दोन्ही होतात, 30 च्या खाली बहुतेक नर आणि 33 वर बहुतेक माद्या. नर एकमेकांना चावतात, माद्यांना छळतात, म्हणून सगळ्यांना माद्याच हव्या असतात आणि लोक मशीन 33.5 वर नेऊन ठेवतात. ज्याचा प्रोब अंशभर चुकतो त्याने हा खेळ खेळू नये. 31.5 ते 32 वर राहा, जे होईल ते होईल.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण मेलेलं

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या, आणि मनाला सगळ्यात जास्त लागतंही हेच. पिल्लू अख्खं असतं, नखं असतात, नाकाच्या टोकावर टरफल फोडायचा छोटा काटाही असतो. यात नुसतं 'पूर्ण वाढलेलं होतं' एवढी नोंद पुरत नाही. बलक कुठे आहे आणि आत ओलं आहे की कोरडं, हे बघा.

बलकाची पिशवी मोठी, पोटाबाहेर आहे, अंग सुजल्यासारखं आणि आत भरपूर पाणी: ओलावा जास्त झाला. टणक टरफलाच्या अंड्यात जास्तीचं पाणी शिरलं की अंडं फुगतं, पिल्लाला वेळ व्हायच्या आधीच टरफलाला भेगा जातात. पाल किंवा सापाच्या अंड्यांसाठी दिलेली 'वजनाला वजन पाणी' ही व्हर्मिक्युलाइटची कृती हर्मनला वापरली की हेच होतं. हर्मनसाठी व्हर्मिक्युलाइट कोरडं किंवा जेमतेम ओलसर ठेवायचं, अंडं त्यात अर्धं रुतवायचं, आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवून हवेतला दमटपणा 70 ते 80 टक्क्यांत राखायचा. पाण्याच्या खोक्यात झाकणाला भोकं वाढवत हा आकडा खाली आणावा लागतो.

उलट, पापुद्रा चामड्यासारखा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटलाय: कोरडं झालं. ओलावा घालायचा तो वाटीत किंवा अंड्यापासून लांब व्हर्मिक्युलाइटच्या कडेला. अंड्यावर फवारा मारू नका.

इथे पुन्हा मापाचा प्रश्न येतोच. स्वस्त हायग्रोमीटर (दमटपणा मोजायची यंत्रं) दहा टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात ओलं गच्च होईल इतपतच पाणी घाला, मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 यायला हवा, कारण ओल्या मिठावरची हवा तिथेच स्थिरावते. 66 आला तर तुमचं यंत्र नऊने कमी दाखवतंय. त्याहून खात्रीचं हवं असेल तर दर आठवड्याला अंड्यांचं वजन करा (दागिन्यांचा छोटा काटा चालतो, अंडं न उलटता). वजन वाढत असेल तर ओलं, झपाट्याने उतरत असेल तर कोरडं. सावकाश थोडं उतरणं बरोबर आहे.

पिल्लू सुबक, बलक जवळपास पोटात गेलेला, ओलावाही ठीक, आणि एकाच खेपेतली सगळी पिल्लं एकाच टप्प्यावर गेलेली: मग हवा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला ऑक्सिजन सुरुवातीपेक्षा कितीतरी जास्त लागतो. जो घट्ट झाकणाचा डबा पहिल्या महिन्यात चालून गेला तोच शेवटी गुदमरवतो. डब्याला बाजूने भोकं पाडा आणि शेवटच्या टप्प्यात रोज एकदा झाकण उघडून मिटा. फुकटातला उपाय आहे, आणि मला विचाराल तर अगदी पहिल्याच हंगामात करून टाकावा.

आणि काही वेळा टरफलच इतकं जाड असतं की कात्रीलाही जोर लावावा लागतो. मग दोष इन्क्युबेटरमध्ये नाही, अंगणात आहे. मादीला उबदार, उकरता येण्याजोगी माती मिळाली नाही की ती अंडी पोटात धरून ठेवते आणि टरफलावर चुन्याचे थर चढत जातात. इंग्लंडच्या चिकणमातीत हे नेहमीचं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कोपऱ्यात वाळू मिसळलेल्या मातीचा छोटा उंचवटा करा, वीसेक सेंटिमीटर खोल, आणि ढगाळ आठवड्यात त्यावर दिवा लावा. मादी दिवसचे दिवस कुंपणाकडेने येरझाऱ्या घालते, खड्डे उकरून सोडून देते आणि खाणं टाकते, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे नेऊन एक्स-रे काढा. उलट टरफल पातळ, खरखरीत असेल तर तिला कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी पडतंय. समुद्रफेस (माकुळाचं पांढरं, कुरतडता येणारं कवच) टाकून ठेवा, ती स्वतः कुरतडते.

टरफल फुटायला लागल्यावर

चांगली वाढलेली पिल्लं इथे माणसांच्या हातून मरतात. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक ते तीन दिवस लागतात. ते आत नुसतं बसून असतं, कारण उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो आणि टरफलाच्या आतल्या रक्तवाहिन्या मिटायच्या असतात. त्या जिवंत असताना ओढलं तर रक्तस्राव होतो. आणि एक पिल्लू आलं म्हणून बाकीची अंडी त्याच दिवशी कापायची, हा प्रकार तर कृपा करून करू नका.

मदत करायचीच तर कधी? भोक पडून दोन दिवस उलटलेत, ते तिळभरही वाढलं नाही आणि पापुद्रा सुकून पिवळा पडलाय, तेव्हा. तेही नाकाजवळचं टरफल नखाएवढं काढायचं, पापुद्रा कोमट पाण्याच्या बोळ्याने ओलसर करायचा आणि झाकण लावून निघून जायचं. रक्ताचा थेंब दिसला की थांबायचं.

बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लटकत असेल तर त्याला ओल्या किचन पेपरवर, छोट्या वाटीत, त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवा. वाटीत फारशी हालचाल करता येत नाही आणि पिशवी फुटत नाही. दोन-तीन दिवसांत ती आत जाते, मग कोमट उथळ पाण्यात पहिली अंघोळ. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू पिल्लांमध्येही असू शकतो. ब्रिटनमध्ये हर्मनची पिल्लं विकायची असतील तर आधी आर्टिकल 10 प्रमाणपत्र (संरक्षित जातींच्या विक्रीसाठीचा सरकारी परवाना) काढावं लागतं, आणि त्याशिवाय विक्रीची जाहिरातही देता येत नाही. अर्जात आई-बापांची माहिती लागते, म्हणून कुठली अंडी कुठल्या मादीची हे पहिल्या दिवशीच डब्यावर लिहून ठेवा.